बांबू कुठून आणला?

मैसूरच्या दसऱ्यात लोक हत्ती आणि राजवाड्याची रोषणाई बघतात आणि रात्री जेवायला आहार मेळ्यात जातात. तिथे सगळ्यात लांब रांग बांबू बिर्याणीची असते. एच. डी. कोटे तालुक्याकडचे आदिवासी हा स्टॉल लावतात. बांबूच्या हिरव्या नळीत तांदूळ, चिकन आणि मसाला भरायचा, तोंड पानांनी बंद करायचं आणि नळ्या निखाऱ्यांवर लावून द्यायच्या. शिजलं की नळी फोडून थेट ताटात. शेजारी नाचणीचे मुद्दे आणि खेकड्याचं सार. मी आणि माझी एक सहकारी पाऊण तास त्या रांगेत उभ्या होतो. पुढचे लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत विचारत होते, मसाला कोणता, किती मिनिटं लागतात, घरी कुकरमध्ये जमेल का. माझा नंबर आला तेव्हा मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, बांबू कुठून आणला?"

नळी फोडणारा माणूस थांबला. माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "विकत घेतला, अक्का."

बिर्याणी चांगली होती. पण खोलीवर आल्यावर ते उत्तरच डोक्यात राहिलं. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. तिच्यात बांबू आहे, मध आहे, मेण आहे, कंदमुळं आहेत. हे गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2011 मध्ये याच कायद्याखाली स्वतःचा बांबू स्वतः विकता आला, आणि तोही भांडून. इकडे एच. डी. कोट्यात कबिनी धरणाने माणसं उठवली, नागरहोळेच्या राष्ट्रीय उद्यानाने उठवली. उठलेल्यांत जेनू कुरुब आहेत. जेनू म्हणजे मध. जमातीच्या नावातच मध असलेली ही माणसं आज मोठ्या संख्येने कोडगूच्या कॉफी मळ्यांवर मजुरी करतात. दसऱ्यात दहा दिवस त्यांचा पदार्थ शहराला हवा असतो.

मी शहादा तालुक्यातली भिल्ल मुलगी. मराठीत लिहिणाऱ्या आदिवासी कवींवर पीएचडी करते आहे. त्यासाठी मैसूरला कशाला, असं गावाकडे विचारतात. फेलोशिप मिळाली, गाइड मिळाले, हे खरं उत्तर. शिवाय भारतीय भाषा संस्थान 1969 पासून या शहरात आहे, आणि घरापासून इतकं लांब आल्यावर घरातल्या काही गोष्टी पहिल्यांदा नीट दिसायला लागल्या, हेही आहे.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण अन्नावर आहे. पहिल्या वर्षी मी समाजशास्त्रात शिकवतात तसं केलं. कवितासंग्रह समोर घेतले, अन्नाचा उल्लेख दिसला की टिपायचा आणि त्याला कोड द्यायचा. दोन मोठे कोड आपोआप तयार झाले: भूक आणि निसर्ग. भाकर नसेल तिथे भूक. फूल, फळ, कंद, मासा असेल तिथे निसर्ग. दोन महिन्यांत तक्ता भरला. गाइडनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "यात मोह कुठे बसतो?"

मोहाची फुलं उकडून खातात, भाजून खातात. वाळवून पावसाळ्यासाठी ठेवतात. त्यांची दारू काढतात, ती देवाला लागते, पितरांना लागते, सोयरीक ठरवताना लागते. बियांचं तेल निघतं. फुलं व्यापाऱ्याला देऊन मीठमिरची आणतात, म्हणजे पैसाही तोच. आणि सरकारच्या वहीत तोच मोह गुन्हा होता. मुंबई इलाख्यात 1892 साली खास मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत झाडाखाली पडलेली फुलं घरात ठेवण्यावरही त्याने बंधनं आली, कारण अबकारीचं उत्पन्न बुडत होतं. इंग्रज गेले, 1949 चा दारूबंदी कायदा आला, फुलांवरची बंधनं राहिलीच. महाराष्ट्रात मोहाची फुलं गोळा करणं आणि साठवणं मोकळं झालं ते 2021 मध्ये. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आमच्या बायका पहाटे झाडाखाली वेचायला जायच्या ती वस्तू संशयाची होती. मराठी, हिंदी, गोंडी, कुठलीही आदिवासी कविता उघडा, मोह येतोच. तो 'निसर्ग' या कोडखाली टाकला की हे सगळं पुसलं जातं. उरतं ते सुगंधी फूल.

भूक हा कोड खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. माझ्या तालुक्याचा इतिहासच भुकेने सुरू होतो. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला भिल्लांनी धान्य मागितलं. पाऊस-पिकाच्या अडचणीत जमीनवाल्याकडून धान्य उसनं मागण्याची रीत होती. उत्तरादाखल गोळीबार झाला, एक भिल्ल मेला. त्यानंतर अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने जमिनी परत मागणारे मेळावे झाले आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे याच चळवळीतले. 1987 मध्ये त्यांचा 'गोधड' हा संग्रह आला. त्यांची 'स्टेज' नावाची कविता तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आमच्याबद्दल बोलणारे स्टेजवर, आणि आम्ही खाली, असा तिचा विषय. ती कविता संघटनांना, कार्यकर्त्यांना, सगळ्या सहानुभूतीवाल्यांना उद्देशून आहे. तिच्यात अन्न नाही. पण अन्नावरचं प्रकरण लिहिताना मला तीच कविता सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आमच्या ताटाबद्दलही स्टेजवरून दुसरेच बोलतात. एक जण म्हणतो, अरेरे, काय खातात. दुसरा म्हणतो, वा, काय खातात. दोघांच्या बोलण्यात ते ताट कुठल्या जमिनीवर मांडलं आहे याचा विषय निघत नाही.

पाटीलवाडीची भूक ही नुसती रिकाम्या पोटाची गोष्ट नव्हती. ज्या शेतातलं धान्य मागितलं, त्या परिसरातल्या कितीतरी जमिनी पूर्वी भिल्लांच्या होत्या. कर्जात, दारूत, अंगठ्यात गेलेल्या. म्हणजे माणसं आपल्याच जमिनीतलं धान्य उसनं मागायला गेली होती. आमच्याकडे ज्वारीला कणसरी म्हणतात, ती माय आहे. तिची शपथ घेतली की खोटं बोलता येत नाही. नवं धान्य आलं की नवाई होते, देवाला दिल्याशिवाय त्यातला दाणा तोंडात घालत नाहीत. ज्यांच्या घरात दाण्याची एवढी मर्यादा, त्यांच्यावर धान्यलुटीचा आळ. हे समजल्याशिवाय भूक या शब्दापुढे टिकमार्क करून काही हाताला लागत नाही.

आता थोडं घरचं सांगते. यावर लिहू नये असं मला बरेच दिवस वाटत होतं, कारण आदिवासी अन्नाविषयी जे लिहिलं जातं त्यात आमचं घर बसत नाही.

आमच्या घरी दोन चुली होत्या. आत आजाची. मागच्या अंगणात तीन दगड मांडलेली आजीची. आजा मांसमच्छी खात नसे, दारूला शिवत नसे. तो सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला मोरवडला नेलं होतं. तळोदा तालुक्यातलं मोरवड म्हणजे गुलाम महाराजांचं ठिकाण. 1938 साली तिथे सोमवारच्या आरतीला हजारो भिल्ल जमायचे. महाराजांनी सांगितलं, दारू सोडा, मांस सोडा, अंघोळ करा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. भिल्लाला तोवर सगळे 'अरे'-'तुरे'च करत. त्या माणसाने सांगितलं की निदान आपण आपल्याला मान द्यायचा. महाराज त्याच वर्षी वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी चळवळ पुढे नेली. आमचा आजा मरेपर्यंत भेटेल त्याला "आप की जय" म्हणत राहिला. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता वाटते ती वेगळ्या गोष्टीची.

आजी माहेराहून बोंबील खाणारी. तिने सोडले नाहीत. बाजाराच्या दिवशी सुकट आणायची आणि मागच्या दगडांवर भाजायची. वास आत जायचाच. आजा खोकायचा, काही बोलायचा नाही. पन्नास वर्षं हा संसार झाला. मी दोन्हीकडे जेवले.

डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराचं देवी चळवळीवरचं पुस्तक 'गोधड'च्याच वर्षी, 1987 मध्ये आलं. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवी डोंगरातून सुरत जिल्ह्यात पोहोचली. अंगात येणाऱ्यांच्या तोंडून ती सांगायची: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या पारशी मालकांच्या कामाला जाऊ नका. वरवर बघितलं तर हे सवर्णांचं अनुकरण वाटतं. कॉलेजात आम्हाला ते 'संस्कृतीकरण' म्हणूनच शिकवलं. ही कल्पना मांडणारे एम. एन. श्रीनिवास याच मैसूरचे, हे इथे आल्यावर मला नव्याने जाणवलं. पण दारू सोडणं म्हणजे ज्या दुकानदाराकडे जमीन गहाण पडली होती त्याचा धंदा बसवणं होतं. वरच्या लोकांकडची प्रतिष्ठेची खूणच आपल्या हातात घ्यायची आणि म्हणायचं, आता बोला. हार्डिमन साधारण असं मांडतात. मला ते पटतं. पण त्याची किंमत आजीने मोजली, हेही मला दिसतं. तिची चूल घराबाहेर गेली.

म्हणून कुणी "आम्ही मांस खातो, मोह पितो, म्हणून आम्ही आदिवासी" असं लिहिलं की मी थबकते. आजा मग कोण होता?

हा प्रश्न मला पहिल्यांदा कवितेने घातला नाही, एका सरकारी टेबलाने घातला. बारावीनंतर व्हॅलिडिटीचं प्रकरण होतं. आमचं आडनाव बिगर-आदिवासींमध्येही आढळतं, त्यामुळे चौकशी लांबली. घरी आलेल्या माणसाने देव कोणते, लग्न कसं लागतं, मेल्यावर काय करता, हे विचारलं. मग वही खाली ठेवून, जरा हसून, बाबांना म्हणाला, "आणि खाता काय? मोहाची काढता की नाही घरी?" बाबांना कळेना, हो म्हणायचं की नाही. हो म्हटलं तर गुन्हा, नाही म्हटलं तर आदिवासी नाही. आजा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "आप की जय." त्या माणसाने वहीत काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. सर्टिफिकेट यायला उशीर झाला आणि माझं एक वर्ष गेलं.

याला ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. तुमचं वागणं-जगणं जमातीशी किती जुळतं याची परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या माधुरी पाटील निकालाने दक्षता पथकाला देव, विधी, चालीरीती, लग्नाच्या आणि मृत्यूच्या पद्धती तपासायला सांगितलं होतं. खोटी सर्टिफिकेटं काढून आमच्या जागा खाणारे आहेत, ते पकडले गेले पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण एकाच परीक्षेने सगळ्यांना मोजायचं ठरलं की शिकलेला, शहरात गेलेला, महाराजांच्या पंथात गेलेला प्रत्येक जण नापास होण्याच्या काठावर येतो. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं की ही टेस्ट म्हणजे निर्णायक कसोटी नाही, ती पुराव्याचा एक भाग आहे. ज्यांची व्हॅलिडिटी अडकली आहे त्यांनी हा निकाल जवळ ठेवावा. आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या नावाने तो सापडतो.

एकीकडे टेबलावरचा माणूस विचारतो, तुम्ही अजून तेच खाता ना? दुसरीकडे शहरातला घरमालक विचारतो, तुम्ही ते खात नाही ना? मैसूरला मी चार घरं बघितली. तीन ठिकाणी नॉनव्हेजचा प्रश्न आडनावाच्या प्रश्नाच्या आधी आला. पदवीच्या काळात हॉस्टेलवर माझ्या ट्रंकेत सुकटीची पुडी सापडली म्हणून मेसच्या मीटिंगमध्ये माझं नाव न घेता 'काही मुली' असं बोललं गेलं होतं. तुमच्यापैकी बहुतेकांकडे अशी एक पुडी असेल. जो आपल्या घरातला पहिला पदवीधर असतो तो डबा उघडताना झाकण किती उघडायचं हे शिकतो. पुस्तकात ते कुठे शिकवत नाहीत.

कवितेकडे परत येते. मराठीत लिहिणारा आदिवासी कवी आधी एक भाषा मागे ठेवून आलेला असतो. 2011 च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटी चार लाख आहेत. आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांत ही सगळ्यात मोठी. संथाली आणि बोडो 2003 मध्ये अनुसूचीत गेल्या, भिली आणि गोंडी बाहेरच आहेत. म्हणजे कवीने घरी जे खाल्लं त्याचं नाव त्याच्या कवितेच्या भाषेत नसतं. धडगावकडे मोर, भादी, बंटी अशी धान्यं पिकतात. कवितेत ती यायची असतील तर दोनच वाटा: 'धान्य' असं लिहून मोकळं व्हायचं, किंवा शब्द तसाच ठेवून खाली टीप द्यायची. संपादक टीप मागतात. मीही माझ्या पहिल्या निबंधाला टिपांची यादी जोडली होती. मग लक्षात आलं, मराठी कवितेत पुरणपोळी आली तर कुणी तळटीप मागत नाही. ज्याच्या अन्नाला टीप लागत नाही तो वाचक गृहीत धरूनच सगळं छापलं जातं.

भुजंग मेश्राम यवतमाळकडचे गोंड कवी, 2007 मध्ये वारले. त्यांनी आपल्या संग्रहाचं नाव 'उलगुलान' ठेवलं. हा मुंडारी शब्द, बिरसा मुंडाच्या 1899-1900 च्या बंडाचा. मराठी पुस्तकाच्या कपाळावर त्यांनी तो शब्द ठेवला, आणि वाचकाने उठून अर्थ शोधायचा. उषाकिरण आत्राम यांच्या 'म्होरकी'चं नावही वाचकाला असंच कामाला लावतं. मला हा मार्ग आवडतो. टीप द्यायची की नाही यावर आमच्या विभागात दोन तास वाद झाला होता, तो इथे सांगत बसत नाही.

मराठीबाहेर हेच काम जोरात चाललं आहे. जसिंता केरकेट्टा हिंदीत लिहितात, कुरुख समाजातल्या. त्यांचं 'जिरहुल' हे मुलांसाठीचं कवितांचं पुस्तक जंगलातल्या फुलांवर आहे. शाळेच्या पुस्तकात गुलाब आणि कमळ असतात, तिथे त्यांनी आदिवासी भागातली फुलं आणली, आणि त्यांतली कितीतरी भाजी म्हणून ताटात येणारी आहेत. फूल बघायचं असतं, तोडायचं नसतं, हे शाळेने शिकवलेलं. आमच्या आयांनी शिकवलेलं की ते कधी तोडायचं, किती तोडायचं आणि किती झाडावर सोडायचं. 2024 मध्ये याच पुस्तकाला मिळालेला पुरस्कार त्यांनी नाकारला, देणाऱ्या संस्थेचे शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीशी संबंध होते म्हणून. मैसूरहून तीन-चार तासांवर वायनाड आहे. तिथले सुकुमारन चालिगध रावुळ भाषेत लिहितात. मल्याळम लिपीत, पण भाषा स्वतःची. कोडगूत ज्यांना यरव म्हणतात ते हेच लोक, कॉफीच्या मळ्यांवर दिसतात ते. मळ्यातल्या मजुराच्या भाषेत कविता छापली जाते आणि राज्याच्या सीमेपलीकडून ती वाचायला माझ्यासारखी येते, याचा मला आनंद आहे. मराठीत भिलीचा असा संग्रह विकत घ्यायला मी दुकानात गेले की दुकानदार लोकगीतांच्या कपाटाकडे बोट दाखवतो.

सरकारलाही अलीकडे आमचं अन्न आवडायला लागलं आहे. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात नागली, कोदो, वरई यांना 'श्रीअन्न' असं नाव मिळालं. डोंगरातल्या माणसाला ज्यावरून हिणवलं गेलं, ते 'श्री' लावून मॉलमध्ये गेलं. जानेवारी 2024 मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जीआय टॅग मिळाला. ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव होतात. मला हे वाईट वाटत नाही. मयूरभंजच्या बायकांना दोन पैसे जास्त मिळाले तर मिळू देत. पण ज्या वर्षांत रानभाज्यांचे फोटो छापून येतात, त्याच वर्षांत शाळेच्या जेवणातलं अंडं भांडणाचं होतं. कर्नाटकात 2021 मध्ये मठांनी विरोध केला. महाराष्ट्रात जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा सरकारी निधीच थांबवला गेला. नंदुरबारमध्ये 69 टक्के लोक आदिवासी आहेत आणि कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात तिथूनच येतात. तिथल्या पोराला 'श्री' नको, अंडं हवं.

या पोर्टलवर मी लिहिते आहे म्हणून एक गोष्ट आपल्यातली. अन्नाकडे जातीच्या डोळ्याने बघायला आपल्याला दलित लेखनाने शिकवलं. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2009 मध्ये पुणे विद्यापीठातून दलित बायकांच्या अन्न-आठवणींचं पुस्तक काढलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 चं. मी ते एम.ए.च्या पहिल्या वर्षी वाचलं आणि ट्रंकेतली सुकट पुन्हा वर काढली, इतकं त्या पुस्तकाचं माझ्यावर ऋण आहे. पण त्याच चष्म्याने मी आदिवासी कविता वाचायला गेले आणि फसले. दलित ताटाचा इतिहास गावाच्या आतल्या विटाळाचा आहे. कुणी काय टाकलं, कुणाला काय उचलावं लागलं, कुणाचा वाटा कमी पडला. आमच्या ताटाला विटाळ चिकटला आहेच, घरमालक तो रोज चिकटवतात. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट आहे. कुणी दिलेलं आम्ही खात नव्हतो. आमच्या हातून काढून घेतलेलं आम्ही परत मागत होतो. 'बहुजन अन्न' असं एकच शीर्षक दोघांवर लावलं की हा फरक जातो, आणि तो गेला की जंगल या विषयातून निघून जातं. मागच्या वर्षी एका परिसंवादात मी हे बोलले तेव्हा एका मित्राला ते फुटीचं बोलणं वाटलं. चहाच्या वेळी आम्ही परत भांडलो. तो मराठवाड्याचा, माझ्याइतकाच पहिल्या पिढीचा. शेवटी म्हणाला, "मग आमच्या पुस्तकात तुमचं प्रकरण नको?" मी म्हटलं, "हवं. पण प्रकरणाचं नाव आम्हाला ठेवू द्या."

ते नाव अजून ठरलेलं नाही. 'आदिवासी कवितेतील अन्नप्रतिमा' हे मी खोडलं. भूक आणि निसर्ग हे कोडही काढले. त्यांच्या जागी आता प्रत्येक उल्लेखासमोर तीन रकाने आहेत: हे कुठून आलं, ते आणायला कुणाची परवानगी लागली, कुणासोबत खाल्लं. तिसरा रकाना आजीमुळे आला. कामाला दुप्पट वेळ लागतो. गाइड म्हणाले, प्रकरण लांबलं तरी चालेल.

रविवारी मी मायला फोन लावते आणि ती खाण्याचे शब्द सांगते, मी लिहून घेते. पहिल्यांदा तिला वाटलं मी उपाशी आहे. आता ती स्वतःहून आठवून ठेवते, शेजारणीला विचारून ठेवते. मागच्या रविवारी तिने मी काय खाल्लं ते विचारलं, तेव्हा बांबू बिर्याणीचं सांगितलं. किती पैसे पडले तेही सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "बांबू त्यांचा होता का गं?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "लिही मग तसं," आणि पुढचा शब्द सांगितला.